पिरेअस ते व्हेनिस, या वेळी डेकवरून

जन्मभर बोटीवर नोकरी केलेल्या माणसानं निवृत्त झाल्यावर पदरचे पैसे भरून पुन्हा बोटीवरच जावं, हे आमच्या सोसायटीत कुणालाच पटलं नाही. तळमजल्यावरचे काका म्हणाले, "कंडक्टरनं सुट्टीत एसटीनं फिरायला जावं, त्यातला प्रकार झाला हा." मी म्हटलं, काका, कंडक्टरला निदान खिडकीतून बाहेर दिसतं. मी इंजिनियर. इंजिन रूमला खिडकी नसते.

भूमध्य समुद्रात मी किती वेळा गेलो असेन याचा हिशेब ठेवलेला नाही. बल्क कॅरियरवर, म्हणजे सुट्टा माल नेणाऱ्या जहाजावर, होतो तेव्हा सुएझमधून वर निघायचं, अथेन्सच्या पिरेअस बंदराबाहेर अँकर टाकून बंकर, म्हणजे इंधन, घ्यायचा आणि पुढे रावेन्ना, कोपर नाहीतर रिएका. पण या सगळ्या गावांचं मला आठवतं ते म्हणजे जेट्टी, क्रेन, कोळशाची नाहीतर खताची धूळ, शिप चँडलरची व्हॅन आणि गेटबाहेरचा टेलिफोन बूथ. त्या बूथवर कॉलिंग कार्ड घासून ठाण्याला फोन लावायचा, आणि नेमकी त्याच वेळी आमची आई झोपलेली असायची. क्रोएशियातलं डुब्रोव्हनिक वर जहाज हाकणाऱ्या ब्रिजवाल्यांनी दुर्बिणीतून पाहिलं असेल. मी खाली इंधन साफ करणाऱ्या प्युरिफायरशी भांडत होतो.

तर या वेळी ठरवलं, तोच समुद्र वरून बघायचा. आणि हिला दाखवायचा.

मुलीनं आधी बड्या जहाजांच्या लिंका पाठवल्या. त्यावर घसरगुंड्या, आइस रिंक, चक्क झाडांची बाग. आजची सगळ्यात मोठी, 'आयकॉन ऑफ द सीज'च्या वर्गातली जहाजं 365 मीटर लांब आहेत, ग्रॉस टनेज अडीच लाखांच्या घरात, आणि पूर्ण भरली तर साडेसात हजारांवर प्रवासी. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजातल्या बंदिस्त जागेचं माप. सगळे वजनच समजतात म्हणून सांगून टाकलं.) असं जहाज चालवणाऱ्यांना मी मनापासून सलाम करतो. पण त्याच्यावर बसून मला बंदर दिसणार नाही, बंदराला मी दिसणार.

माझं गणित साधं होतं. ग्रीसपासून व्हेनिसपर्यंतची जुनी बंदरं बांधली गेली ती गॅलींसाठी. वल्ह्यांवर चालणारी, उथळ बुडाची जहाजं. माणसं खूप, पाण्याचा साठा कमी, त्यामुळे वरचेवर किनाऱ्याला लागावंच लागायचं. व्हेनिसवाल्यांनी काही शतकं हा मार्ग चालवला आणि वाटेत ठाण्यांमागून ठाणी बांधली. म्हणजे ती बंदरं बघायची तर त्यांच्या मापात बसणारं जहाज हवं. शेवटी जे मिळालं ते शंभरेक मीटर लांब, बीम (रुंदी) सोळा मीटरच्या आत, ड्राफ्ट (पाण्याखालचा भाग) पाच मीटरसुद्धा नाही. प्रवासी दीडशेच्या आत आणि त्यांच्या दिमतीला शंभरावर स्टाफ. नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल.

पैशांचं आधीच सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. या प्रकारच्या छोट्या लक्झरी जहाजांवर माणशी एका रात्रीला पाचशे ते हजार डॉलर लागतात, कधी त्याहून जास्त. जेवण, दारू, टिप्स बहुतेक ठिकाणी त्यातच. स्वस्त अजिबात नाही. आम्ही प्रॉव्हिडंट फंडातली एक एफडी मोडली आणि त्यावर दोन दिवस एकमेकांशी जपून बोललो.

पिरेअसला बोट लागली होती ती मोठ्या फेरींच्या पलीकडे, एका कोपऱ्यात. हिची पहिली प्रतिक्रिया, "एवढीशीच?" गँगवेवर रांग नाही, धक्काबुक्की नाही. पासपोर्ट घेतले, ओला गार टॉवेल हातात दिला आणि दहाव्या मिनिटाला आम्ही केबिनमध्ये. मी सवयीनं आधी बाथरूमचा एक्झॉस्ट चालतो का ते पाहिलं, मग लाइफ जॅकेट, मग आपत्कालीन दाराची वाट. हिनं पडदा सरकवला. खिडकीबाहेर पाणी इतक्या जवळ होतं की हात बुडवावासा वाटावा.

केबिनचा मुलगा फळांची थाळी घेऊन आला. नेमप्लेटवरचं आडनाव वाचून मी विचारलं, "खयचो रे?" तो थबकला. "मडगांवचो." आमचं गाव वेंगुर्ला म्हटल्यावर तो हसला, आणि त्यानंतर हिला 'मॅडम' म्हणणं त्यानं बंदच केलं, 'बाय' सुरू झालं. जगातल्या कुठल्याही प्रवासी जहाजावर जा, गोव्याच्या साष्टी नाहीतर बारदेशातला तारवटी, म्हणजे खलाशी, भेटल्याशिवाय राहत नाही. आजोबा बोटीवर, बाप बोटीवर, हा बोटीवर. दुसऱ्या दिवशी हिची चतुर्थी होती. त्यानं बोटीच्या स्वयंपाकघरात काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दुपारी उकडलेले बटाटे, दही, शेंगदाणे आणि कलिंगड असं तबक आलं, त्यावर व्यवस्थित जिरं भुरभुरलेलं. हजार डॉलरची लक्झरी कशाला म्हणायचं ते मला तेव्हा कळलं, आणि ते माहितीपत्रकात नव्हतं.

पहिला मुक्काम हायड्रा. या बेटावर गाड्यांना बंदी आहे. सामान खेचरांवर नाहीतर गाढवांवर. बंदर म्हणजे डोंगरानं वेढलेलं घोड्याच्या नालेएवढं पाणी. आमची बोट बाहेर अँकरवर आणि आम्ही टेंडरनं, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीनं, आत. इथं माझं लक्ष गेलं ते गावापेक्षा धक्क्याकडे. कॉफीच्या टेबलांपासून पाणी हातभर खाली. दगडावर शेवाळाचा पट्टा जेमतेम वीतभर. आपल्याकडे मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. ओहोटीला होड्या चिखलात आडव्या, आणि जेट्टीला ही लांबलचक पायरी. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या एका अरुंद फटीतून महासागराला जोडलेला, त्यामुळे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अर्धा मीटरही नाही. म्हणूनच ही गावं पाण्याला इतकी चिकटून बसू शकली. घराचं दार, दोन पायऱ्या, समुद्र. वर्षानुवर्षं मी याच समुद्रात तरंगत होतो आणि ही गोष्ट लॉगबुकात कुठंच नव्हती.

तिथून नाफ्प्लिओ. आधुनिक ग्रीसची सुरुवातीची राजधानी हीच, 1834 मध्ये ती अथेन्सला गेली. बंदरात पाण्याच्या मधोमध बुर्त्झी नावाचा छोटा किल्ला, आणि मागे डोंगरावर पालामिदी, जो व्हेनिसवाल्यांनी 1711 ते 1714 मध्ये बांधला आणि पुढच्याच वर्षी तुर्कांना गमावला. लोक म्हणतात वर जायला 999 पायऱ्या. आमचे गुडघे म्हणाले, टॅक्सी. दरवाज्यावर पंख असलेला सिंह कोरलेला दिसला, सेंट मार्कचा, म्हणजे व्हेनिसचा शिक्का. मी हिला म्हटलं, याला ओळखून ठेव, हा आता घरी पोचेपर्यंत भेटणार.

आता कॉरिंथ कालवा. खरं तर सगळी सहल मी या एका तासासाठी बुक केली होती.

पेलोपोनीसला, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या मोठ्या द्वीपकल्पाला, वळसा घालायचा तर सुमारे सातशे किलोमीटर जास्त. मधली जमिनीची पट्टी फक्त साडेसहा किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे ती कापायची कल्पना अडीच हजार वर्षं कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात होतीच. प्राचीन ग्रीकांनी फरसबंद रस्ता केला होता, दिओल्कोस, त्यावरून माल आणि लहान जहाजं ओढत पलीकडे नेत. नीरोनं इसवी सन 67 मध्ये स्वतः कुदळ मारून खोदाई सुरू केली, हजारो ज्यू कैदी जुंपले. पुढच्या वर्षी तो मेला आणि काम थांबलं. शेवटी 1882 मध्ये सुरू झालेलं काम 1893 ला पुरं झालं. लांबी 6.4 किलोमीटर, पाण्याच्या पातळीवर रुंदी 24.6 मीटर, तळाशी 21.3, खोली आठ. जहाज वर-खाली करणारं लॉक नाही, दोन्हीकडे समुद्राची पातळी तीच. इतका खटाटोप करून कालवा तयार झाला तेव्हा जहाजं वाढलेली होती. जन्मतःच तोकडा. धंदा म्हणून तो कधी धड चाललाच नाही. कडे चुनखडी आणि मातीच्या थरांचे, भूकंपाचा प्रदेश, सारखी दरड. 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी कडे उडवून आणि वर रेल्वेचे डबे लोटून तो बुजवला होता. अलीकडे 2021 मध्ये दरड कोसळली आणि मग दुरुस्तीसाठी कधी बंद, कधी उन्हाळ्यापुरता सुरू, असं झालं. कुणी जाणार असेल तर कालवा त्या मोसमात उघडा आहे का, हे बुकिंगच्या आधी विचारा. माहितीपत्रकातला फोटो कुठल्याही वर्षीचा असू शकतो.

आम्ही पूर्वेकडून, इस्थमियाच्या बाजूनं आत शिरलो. तोंडाशी जो रस्त्याचा पूल आहे तो वर उचलला जात नाही, पाण्यात बुडतो. जहाज येतंय म्हटलं की अख्खा पूल खाली तळाशी जाऊन बसतो, जहाज वरून जातं, मग पूल पुन्हा वर. आणि म्हणे त्याच्यावर कधीकधी मासे तडफडत राहतात. मासे मी पाहिले नाहीत, पूल बुडताना मात्र पाहिला आणि पोरासारखा ओरडलो.

पुढे आम्हाला ओढणारा टग. मशीनचा आवाज एकदम उतरला, पायाखाली फक्त जनरेटरची थरथर राहिली. दोन्ही बाजूंना मिळून आठ-नऊ मीटर जागा, म्हणजे एकेका बाजूला चार-साडेचार. ब्रिजविंगवर एक ऑफिसर डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये पायलट, आणि कुणीही मोठ्यानं बोलत नाही. कडे सरळसोट वर, सगळ्यात उंच जागी ऐंशी मीटरच्या आसपास. पिवळट, तांबूस, मधूनच पांढरा पट्टा. एका ठिकाणी थर तुटून खाली सरकलेला स्पष्ट दिसतो, तो भूकंपाचा फॉल्ट. खाली पाण्याजवळ दगडी अस्तर, त्याच्या सांध्यांतून उगवलेली झुडपं, भेगांत कबुतरं. काही जागी झुडपं इतकी जवळ की एका आजोबांनी रेलिंगवरून हात लांब करून पान तोडायचा प्रयत्न केला आणि बायकोचा ओरडा खाल्ला. वर, फार वर, रेल्वेचा पूल धाग्यासारखा. त्यावरून माणसं हात हलवत होती. त्यांना आम्ही खेळणं दिसत असू.

2019 मध्ये या फटीतून 22.5 मीटर रुंदीचं एक क्रूझ जहाज ओढून नेलं होतं, 195 मीटर लांब, आजवरचं सगळ्यात मोठं. म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम मीटरभर. तो पायलट त्या रात्री काय प्याला असेल याचा मी बराच वेळ विचार केला.

माझ्या शेजारी रेलिंगला एक ऑइलर उभा होता, फिलिपिनो, ड्युटी संपवून क्षणभर वर आलेला, बॉयलर सूट कमरेपर्यंत उतरवलेला. प्रवाशांच्या डेकवर तसं यायची परवानगी नसते. तो माझ्याकडे बघून ओशाळला. मी त्याला विचारलं, "मेन इंजिन कुठलं?" पुढची पाच मिनिटं आम्ही इंधनावर बोललो. 1 मे 2025 पासून भूमध्य समुद्रात 0.10 टक्क्यांहून जास्त गंधकाचं इंधन धूर धुणाऱ्या स्क्रबरशिवाय जाळता येत नाही, त्यामुळे खाली आता काळ्या हेवी फ्युएलची ती चिकचिक उरलेली नाही, सगळं गॅस ऑइल. माझं अर्धं आयुष्य ज्या वासात गेलं तो वास डेकवर नावालाही नव्हता. इंजिन रूम बघायची माझी विनंती मात्र सुरक्षेच्या नियमावर बोट ठेवून नाकारली गेली. बरोबरच आहे. मीही नाकारली असती.

पलीकडे इतेआ. तिथून बसनं ऑलिव्हच्या बागांमधून वर डेल्फी. देवळाचे खांब, थिएटर, सगळं भव्य आहे, आणि तुम्ही फोटोत पाहिलंय. मला लक्षात राहिला तो संग्रहालयातला ब्राँझचा सारथी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा, पूर्ण उंचीचा, रथ-घोडे हरवलेले आणि हातात लगामांचे उरलेले तुकडे. अगदी जवळ जाऊन बघा: डोळे वेगळे बसवलेले आहेत, आणि पापण्यांचे केस तांब्याच्या बारीक पत्र्याचे. आजही जागेवर. ओतकामाची कामं मी आयुष्यभर पाहिली आहेत, पण पापण्या कुणी बसवलेल्या पाहिल्या नव्हत्या.

कॉर्फूला क्रिकेट आहे! इंग्रजांच्या ताब्यात 1815 ते 1864 हे बेट होतं, आणि 1823 च्या सुमारास खलाशी आणि शिपायांनी इथं खेळ सुरू केला. ग्रीसमध्ये क्रिकेट म्हणजे मुख्यतः कॉर्फूच. आम्ही गेलो त्या दिवशी सामना नव्हता, तरी गावातल्या एका पोरानं मी भारतीय आहे कळल्यावर मनगट फिरवून दाखवलं. तिथं आल्याची बिअर मिळते, त्सित्सिबिरा, तीही इंग्रजांचीच देणगी. चव आमच्या आल्याच्या सरबतासारखी, फक्त फसफसणारी. जुन्या किल्ल्यावर सिंह हजर.

कॉर्फूहून वर निघालो त्या रात्री बोट हलली. छोट्या जहाजाचा हा तोटा कुणी एजंट सांगत नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना फिन स्टॅबिलायझर असतात, विमानाच्या पंखासारखे, पण ते काम करतात जहाज वेगात असताना. वेग कमी केला किंवा अँकर टाकला की ते बिनकामाचे. एजियनमध्ये उन्हाळ्यात मेलतेमी वारा, एड्रियाटिकमध्ये हिवाळ्याकडे बोरा. ज्यांना एसटीच्या घाटात त्रास होतो त्यांनी मधल्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यातली केबिन घ्यावी. पुढच्या टोकाची ऐटबाज केबिन सगळ्यात जास्त वरखाली होते. मला गाढ झोप लागली. ही रात्रभर आल्याची वडी चोखत बसली आणि सकाळी म्हणाली, "तू हे वर्षानुवर्षं कसं काढलंस?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

माँटेनेग्रोतल्या कोटोरच्या आखातात शिरलो तेव्हा सहा वाजत होते. फ्योर्ड म्हणतात त्याला, पण हिमनदीनं कोरलेलं नाही, बुडालेली नदीची दरी आहे. वेरिगेच्या चिंचोळ्या तोंडातून, जिथं रुंदी साडेतीनशे मीटरही नाही, जहाज वळलं आणि समोर पेरास्टची दोन बेटं. एक नैसर्गिक, सायप्रसच्या झाडांचं. दुसरं माणसांनी केलेलं. दंतकथा अशी, की 1452 मध्ये 22 जुलैला तिथल्या एका खडकावर खलाशांना मदर मेरीचं चित्र सापडलं. तेव्हापासून सफरीहून सुखरूप परतलेला प्रत्येक जण तिथं दगड टाकू लागला. जुनी जहाजं दगडांनी भरून बुडवली. हळूहळू बेट झालं, बेटावर चर्च. अजूनही दर 22 जुलैला संध्याकाळी होड्यांची रांग निघते आणि दगड टाकले जातात.

चर्चच्या आत भिंतींवर चांदीचे पत्रे ओळीनं ठोकलेले. प्रत्येकावर एक जहाज. वादळात तुटलेलं शीड, कललेली डोलकाठी, आणि वरच्या कोपऱ्यात ढगात मदर मेरी. वाचलो म्हणून वाहिलेला नवस. वेंगुर्ल्याला आमच्या आईनं माझ्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला सातेरीला जे कबूल केलं होतं, त्याहून वेगळं काय ते?

आणि मग ते भरतकाम. काचेत ठेवलंय, फार मोठं नाही. यासिंता कुनिच नावाच्या पेरास्टच्या बाईनं नवरा समुद्रावर असताना ते करायला घेतलं. पंचवीस वर्षं लागली म्हणतात. सोन्याचांदीचे धागे, आणि त्याबरोबर स्वतःचे केस. सुरुवातीचे टाके गडद, मग फिके, शेवटचे पांढरे. गाईड हे सांगत असताना आमच्या गटातल्या दोघी डोळे पुसत होत्या. ही मात्र ठाण्याच्या शाळेत इतकी वर्षं शिकवलेली बाई. ती माझ्या कानाशी म्हणाली, "पंचवीस वर्षं? हिला गॅसचा नंबर, पोरांच्या फिया, सासूबाईंची इंजेक्शनं, काहीच नव्हतं वाटतं." मी हसलो. ती हसली नाही. गट बाहेर पडला तरी ती काचेसमोरून हलेना. हिचं स्वतःचं कर्नाटकी कशिद्याचं काम चांगलं आहे, त्यामुळे ती टाके बघत होती. चष्मा काढून, नाक काचेला टेकेपर्यंत. देवदूतांच्या डोक्यांवरचे केस कसे भरलेत, उलट्या बाजूला गाठ कुठं लपवली असेल. टेंडरवाला बोलवायला आला तेव्हा म्हणाली, "काम स्वच्छ आहे," आणि निघाली. वाटेत दुसरं काहीच बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

कोटोर गाव सुंदर आहे, पण तिथं बडी जहाजंही येतात, आणि त्या दिवशी एक आलं होतं. अकरा वाजता गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आम्ही सातला फिरून नऊला परत आलो होतो. छोट्या जहाजाचा अर्धा फायदा गावाच्या दाराशी लागण्यात आहे, आणि उरलेला अर्धा तुम्ही सकाळी लवकर उठता की नाही यात.

डुब्रोव्हनिकबद्दल फार लिहीत नाही. भिंतीवरून फिरा, दुपारी मात्र नको. गर्दी इतकी झाली की शहरानं एका वेळी दोन जहाजं आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा ठरवून घेतली. इथं मात्र पंखवाला सिंह दरवाज्यावर नाही. रगुसा हे शहराचं जुनं नाव, आणि ते स्वतंत्र प्रजासत्ताक, व्हेनिसचं प्रतिस्पर्धी. दरवाज्यांवर हातात शहराची प्रतिकृती धरलेला संत ब्लेझ. 1377 मध्ये, साथीच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवायचा कायदा याच शहरानं केला. संत ब्लेझचं नाव ऐकताच आमचा मडगावचा मुलगा म्हणाला, जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे आणि ते रगुसाच्या व्यापाऱ्यांशी जोडलं जातं. आम्ही आयुष्यभर गोव्याला जातोय, कुणी सांगितलं नव्हतं.

मला जास्त आवडलं ते क्रोएशियातलंच कोर्चुला. एवढंसं गाव, माशाच्या काट्यासारखी आखणी: मधला मुख्य रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी गल्ल्या. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ, उन्हाळ्यातला गार मायस्त्राल वारा आत यावा म्हणून. पूर्वेच्या मुद्दाम वाकवलेल्या, हिवाळ्यातला बोरा घुसू नये म्हणून. मध्ययुगातलं व्हेंटिलेशन डिझाइन! मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ओलं बोट वर करून उभा राहिलो. हिनं आपण एकत्र नसल्यासारखं दाखवलं. मार्को पोलोचं घर म्हणून एक घर दाखवतात. तो इथला होता यावर व्हेनिसवाले अर्थातच मान डोलावत नाहीत. बोट तटबंदीला लागूनच होती. रात्री जेवून गावात गेलो, चौकात आइस्क्रीम खाल्लं, परत आलो. बस नाही, टेंडर नाही. मोजलेल्या पैशांची वसुली झाली ती इथं.

दुपारी बोटीच्या मागचं दार उघडून पाण्याच्या पातळीवर लाकडी फळी लावतात, पोहायला. ही वेंगुर्ल्याच्या विहिरीत शिकलेली. साठीच्या पुढची बाई, पंजाबी ड्रेसवरच, शिडी न वापरता सूर मारून गेली. लाइफगार्ड पोरगा दचकून उभा राहिला. मी मात्र फळीवर बसून पाय बुडवले. मला पोहता येतं, पण प्रोपेलरच्या इतक्या जवळ पाण्यात उतरायला माझं मन तयार होईना.

व्हेनिसला पहाटे. 1 ऑगस्ट 2021 पासून पंचवीस हजार ग्रॉस टनेजच्या वरची, किंवा 180 मीटरहून लांब जहाजं सेंट मार्कसमोरून, जुदेक्का कालव्यातून नेता येत नाहीत. ती आता दूर मार्गेराला लागतात, कारखान्यांच्या बाजूला. ते धक्के मला चांगले माहीत आहेत. आमचं मात्र नियमाच्या कितीतरी आत. लिदोच्या तोंडाशी पाण्याखाली पूर अडवणारे ते प्रसिद्ध दरवाजे झोपलेले असतात, तीन तोंडांवर मिळून 78. उधाण येणार असेल तर हवा भरून उभे करतात. 3 ऑक्टोबर 2020 ला पहिल्यांदा खऱ्या भरतीसाठी वापरले. भूमध्याच्या बाकी किनाऱ्यावर जी भरती हातभरही नाही, ती एड्रियाटिकच्या या टोकाला मीटरभर चढते आणि शहराच्या जिवावर उठते. मग उजव्या हाताला राजवाडा, दोन खांब, आणि एका खांबावर तो. नाफ्प्लिओपासून दारोदार भेटलेला सिंह, इथं आपल्या घरी. तिसऱ्या मजल्यावरून त्याच्या आणि आमच्या डोळ्यांची पातळी जवळजवळ एक.

काही व्यवहारी गोष्टी. शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागा: क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, पण मध्ये माँटेनेग्रो बाहेरचा, म्हणजे तुम्ही हद्दीबाहेर जाऊन परत आत येता. सिंगल एंट्रीवाल्याला बोटीवर घेतच नाहीत. टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पावती जपून ठेवा. मे किंवा सप्टेंबर अखेर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि गर्दी दोन्ही. कोट-टाय लागत नाही. आणि शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळी घालायचा एक जोड हाताशी ठेवा. आमच्या मजल्यावरच्या एका अमेरिकन गृहस्थांनी सगळंच भरून दिलं होतं. व्हेनिसच्या नाश्त्याला ते पांढऱ्या बाथरोबमध्ये आले, अंडी मागवली, आणि कुणाकडेही न बघता शेवटपर्यंत जेवले.